चमकी कुणाच्या गालावर?

गेल्या हिवाळ्यात परभणीतल्या एका महाविद्यालयाने स्नेहसंमेलनासाठी मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. बाविसावा कार्यक्रम एका मुलाचा होता. अंगाला घट्ट बसणारा चकचकीत पोशाख, लालभडक केस आणि कपाळापासून गालापर्यंत रंगवलेली लाल-निळी वीज. निवेदकाने नाव सांगितलं, "डेव्हिड बोवी!" सभागृहातल्या बहुतेकांना हे नाव ठाऊक नसावं, मलाही नीटसं नव्हतं. पण मुलगा गुणी होता. लाजत नव्हता, हलत-डुलत, मान वेळावत, डोळ्यांत काजळ घालून तो असा काही वावरला की मुलांनी शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. "काय धाडस आहे पोराचं!" शेजारचे परीक्षक म्हणाले. आम्ही त्याला पहिलं बक्षीस दिलं. मी स्वतः दहापैकी नऊ गुण दिले.

चार दिवसांनी आमच्या केंद्रावर एक मुलगी आली, त्याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणारी. तिने लावणीसाठी नाव दिलं होतं आणि समितीने ते खोडलं होतं. कारण सांगितलं, "आपल्या मुलींला हे शोभत नाही." तिची आजी काही वर्षं तमाशाच्या फडात होती, हे समितीतल्या एकाला माहीत होतं. तेवढ्यावरून तो म्हणाला, "घरात चालत असंल, कॉलेजात नाही चालायचं." मुलगी रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही तर पुढच्याच रांगेत होता. तुम्हाला यादी नाही दाखवली का?"

नाही दाखवली. आणि मीही मागितली नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. बाईचा साज पुरुषाने चढवला तर ते धाडस आणि बाईने स्वतःचा साज स्वतः चढवला तर तो चाळा, हे गणित कुणी मांडलं? त्याचं उत्तर शोधायचं म्हणून, ज्याची नक्कल त्या मुलाने केली त्या विलायती गाण्याच्या मागे मी लागले. भाची मदतीला होतीच. जे सापडलं ते मैत्रिणींपुढे ठेवते.

त्या गाण्याला इंग्लंडात 'ग्लॅम रॉक' म्हणतात. रॉक म्हणजे गिटार आणि ड्रमवरचं दणदणीत गाणं, ग्लॅम म्हणजे झगमगाट. याची सुरुवात बहुतेक जण १९७१ सालच्या मार्च महिन्यापासून मोजतात. मार्क बोलन हा 'टी. रेक्स' या चमूचा गायक, लंडनमधल्या एका लॉरी ड्रायव्हरचा मुलगा. बीबीसीवर 'टॉप ऑफ द पॉप्स' नावाचा गाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम असे. त्यात 'हॉट लव्ह' हे गाणं म्हणताना तो साटीनचे कपडे घालून आणि डोळ्यांखाली चमकी लावून आला. गाणं सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याआधीचे रॉक गायक जीन्सची पँट आणि वाढलेली दाढी यातच आपला खरेपणा मानत. बोलनने ती सगळी मर्दानी गबाळेगिरी एका चिमूटभर चमकीने बाजूला सारली. या यशामागे एक साधं तांत्रिक कारणही होतं. बीबीसीची मुख्य वाहिनी १९६९च्या अखेरीस रंगीत झाली होती. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर चमकी कुणाला दिसली असती?

पुढच्या वर्षी डेव्हिड बोवी आला. १९७२च्या जूनमध्ये त्याने 'झिगी स्टारडस्ट' या काल्पनिक गायकाची कहाणी सांगणारी तबकडी काढली आणि ६ जुलैला त्याच दूरदर्शन कार्यक्रमात 'स्टारमॅन' गायला. लाल केस, इंद्रधनुषी पोशाख, आणि गाता गाता त्याने गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकला. आपल्याला यात काय विशेष, असं वाटेल. आपल्याकडे मित्र गळ्यात हात टाकून हिंडतातच. पण इंग्लंड-वेल्समध्ये दोन प्रौढ पुरुषांचे खाजगीतले संबंधसुद्धा १९६७ सालापर्यंत गुन्हा होते. त्याच जानेवारीत बोवीने एका साप्ताहिकाला आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. पुढे त्याची विधानं बदलत गेली. पण घराघरात कोंडलेल्या कितीतरी मुलांना त्या एका हाताने धीर दिला, हे त्यांतल्या अनेकांनी मोठेपणी सांगितलं आहे. आपल्याकडे ३७७ कलमाची ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने रद्द करायला २०१८चा सप्टेंबर उजाडला. तेव्हा त्या हाताला मी कमी लेखत नाही. आमच्या संमेलनातल्या मुलाने रंगवलेली वीज मात्र बोवीच्या १९७३च्या 'अलॅडिन सेन' या तबकडीच्या वेष्टनावरची.

या मंडळींतला एक जण तर आपल्या महाराष्ट्रात वाढला. 'क्वीन' या चमूचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा, झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला पारशी मुलगा. आठव्या-नवव्या वर्षी तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला, तिथे पियानो शिकला आणि १९५८च्या सुमारास शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा चमू काढला. १९६४ साली घरचे इंग्लंडला गेले. दहा वर्षांनी हा मुलगा तिथल्या रंगमंचावर पांढऱ्या, पंखांसारख्या चुण्यांच्या अंगरख्यात उभा होता. नखं काळी रंगवलेली, डोळ्यांत काजळ, आणि चमूचं नाव चक्क 'राणी'. तो १९९१ साली एड्सने गेला. आजाराची जाहीर कबुली त्याने मृत्यूच्या केवळ एक दिवस आधी दिली, यावरून त्या झगमगाटातही भीती किती शिल्लक होती ते कळतं.

इथवर वाचून तुम्हीही त्या सभागृहासारख्या टाळ्या वाजवाल. मीही वाजवते. पण या गोष्टीत बायका कुठे आहेत, हे शोधू लागलं की त्या दिसतात त्या पडद्यामागे. बोलनच्या गालावर चमकी लावण्याचं श्रेय त्याच्या वेशभूषेचं पाहणाऱ्या चेलिता सेकुंडा या बाईला दिलं जातं. बोवीचे ते लाल केस कापले-रंगवले ते बेकनहॅममधल्या सलूनात काम करणाऱ्या सूझी फसीने. बोवीची आई तिची नेहमीची गिऱ्हाईक. फ्रेडीचा तो पंखांचा अंगरखा झँड्रा ऱ्होड्स या वेशभूषाकार बाईचा, आणि मुळात तो नवरीच्या पोशाखासाठी योजलेला होता असं ती सांगते. कला बायकांची, साज बायकांचा, हात बायकांचे. नाव झालं ते ज्यांनी तो अंगावर घातला त्यांचं.

आणि जी बाई खरोखर रंगमंचावर पुढे आली तिने काय घातलं? सूझी क्वाट्रो ही अमेरिकेतल्या डेट्रॉइटची मुलगी गळ्यात भली थोरली बास गिटार अडकवून इंग्लंडात आली आणि १९७३ साली 'कॅन द कॅन' या गाण्याने पहिल्या क्रमांकावर गेली. तिचा पोशाख काळ्या चामड्याचा, बिनचमकीचा. पुरुष चमकी लावून पुढे गेले, बाई चमकी काढून. पुरुषाला नटण्यासाठी मोकळीक हवी होती. बाईला वाजवण्याचं काम गंभीरपणे घ्यायला लावायचं होतं, त्यासाठी नटणंच सोडावं लागलं. अर्थात, चामडं तिने आवडीने निवडलं असं ती म्हणते आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण ती लखलखत आली असती तर तिच्या वाजवण्याकडे कितीजणांनी कान दिला असता, हा प्रश्न उरतोच.

हे सगळं विलायतेतलं, असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण ही गोष्ट आपण फार आधी पाहिली आहे. बोवीने आपला झगमगाट जपानच्या काबुकी नाटकातूनही घेतला. १९७३ साली त्याचे पोशाख कान्साई यामामोतो या जपानी कलाकाराने केले. आता या काबुकीचा इतिहास पाहा. ही कला सतराव्या शतकाच्या आरंभी ओकुनी नावाच्या एका बाईने क्योतोत सुरू केली. १६२९ साली राज्यकर्त्यांनी बायकांना रंगमंचबंदी केली, नीतीच्या नावाखाली. मग बायकांची कामं पुरुष करू लागले आणि त्यांत ते इतके तरबेज झाले की आदर्श बाई कशी असते हे बायकांनीच त्यांच्याकडून शिकावं, अशी भाषा सुरू झाली.

आपल्याकडचे बालगंधर्व आठवले ना? नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांचं नेसणं, त्यांचा गजरा, त्यांची चाल घरंदाज बायका गिरवत. त्यांच्या गळ्याबद्दल आणि कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण ज्या काळात पुरुषाने नेसलेल्या शालूवर महाराष्ट्र लुब्ध होता, त्याच काळात स्वतः शालू नेसून रंगमंचावर उभी राहणारी बाई घरंदाज मानली जात नव्हती. पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या कंपनीत आल्या, स्त्रीभूमिका करू लागल्या, तर कंपनीच्या आणि त्यांच्या संसाराच्या पडझडीचं खापर आजतागायत त्या बाईवर फुटतं. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं. गोहरबाईंच्या वाट्याला कुजबुज आली.

इथे एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. बालगंधर्व रंगमंचावर बाई होत, पुरुष दिसू नये ही त्यांची कसोटी. बोलन-बोवी पुरुषच राहिले आणि पुरुषपणाची व्याख्या सैल केली. ते मला अधिक मोलाचं वाटतं. बाईची नक्कल करण्यापेक्षा, 'मर्द म्हणजे काय' या प्रश्नाला हात घालणं हे मोठं काम आहे.

पण तेच काम आपल्या तमाशात करणाऱ्या माणसाला आपण काय दिलं? तमाशातला नाच्या हा पुरुषच. लचकत चालणारा, बोटं नाचवणारा. त्याला बोवीसारखा धीट कुणी म्हटलं नाही. त्याला हसले. गणपत पाटील यांनी मराठी चित्रपटात ही भूमिका जन्मभर केली. ते २००८ साली गेले. संसारी माणूस, मुलंबाळं असलेला, तरी लोकांनी भूमिका आणि माणूस एकच धरले आणि त्याचा मनस्ताप साऱ्या घराने सोसला. २०१०च्या 'नटरंग' चित्रपटात याच दुःखाची गोष्ट आहे. पैलवान माणूस कलेपायी नाच्या होतो आणि गावाचा, घराचा परका होतो. विलायती चमकी लावली की कलावंत, देशी कंबर लचकली की 'बायल्या'. त्या संमेलनाच्या संध्याकाळी मी हे डोळ्यांनी पाहिलं. बोवीला शिट्ट्या मारणारीच मुलं फाटकाबाहेर एका नाजूक चालीच्या वर्गमित्राला त्याच शब्दाने हाका मारत होती. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. एकाचा साज तासाभराने धुऊन निघणार होता, दुसऱ्याची चाल रोजची होती. ज्याची किंमत द्यावी लागत नाही तेवढंच धाडस आपल्याला आवडतं.

आणि यात जात आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. तमाशात उघडपणे नाचणारी पहिली स्त्री म्हणून पवळा हिवरगावकरीण हिचं नाव घेतलं जातं. ती महार समाजातली. तिच्याबरोबर फड गाजवणारे पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण, मूळचे श्रीधर कुलकर्णी. बापूरावांबद्दल लोक सांगतात ते त्यागाची गोष्ट म्हणून: कलेसाठी त्यांनी जात सोडली. पवळाबद्दल सांगतात ते रूपाची गोष्ट म्हणून. तिने काय सोडलं, काय सोसलं, हे विचारलं जात नाही. विठाबाई नारायणगावकर मांग समाजातल्या. कार्यक्रम चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा प्रेक्षकांपुढे गेल्या, ही हकिगत आपण कौतुकाने सांगतो. ते कौतुक कशाचं? बाळंत बाईला नाचायला लावणाऱ्या पोटाच्या खळगीचं की मंडपात वाट बघत बसलेल्या पुरुषांचं? राष्ट्रपतींकडून गौरव झालेली ही बाई २००२ साली हलाखीत गेली. आज तिच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. मेलेल्या कलावंतिणीला शोभा आहे, जिवंत नातीला नाही.

आता आपल्या चळवळीतल्याच मैत्रिणींचा एक आक्षेप. तो मी स्वतःही वर्षानुवर्षं घेतला आहे. नट्टापट्टा हीच तर बाईची बेडी, लावणी पुरुषांच्या नजरेसाठीच रचलेली, मग तिची बाजू कशाला घ्यायची? १९९६ साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा झाली तेव्हा आपण विरोध केला होता तो याच भूमिकेतून. ती भूमिका आजही मला चुकीची वाटत नाही. बाईच्या देहाचा बाजार मांडणाऱ्या कंपन्यांना विरोध करायलाच हवा. पण आपल्या विरोधाचा सूर कधी नीतिरक्षकांच्या सुरात मिसळतो, हे आपल्याला कळत नाही. २००५ साली राज्य सरकारने डान्सबार बंद केले. हजारो बायकांची रोजी गेली. तारांकित हॉटेलांतल्या नाचाला मात्र सूट होती. तिथे नीती बिघडत नसावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती बंदी रद्द ठरवली, पण मधल्या आठ वर्षांत त्या बायकांचं काय झालं हे विचारायला फार थोडे गेले. तेव्हा आपल्यातही दोन तट होते. मी बंदीच्या बाजूने बोलले होते. आज बोलणार नाही.

झगमगाट आपोआप कुणाला मुक्त करत नाही, हे विलायतेतही दिसलं. त्याच ग्लॅम रॉकमधला गॅरी ग्लिटर, ज्याच्या नावातच चमकी आहे, लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल २०१५ साली सोळा वर्षांच्या कैदेस पात्र ठरला. त्यातले बरेचसे गुन्हे सत्तरच्या दशकातले, तो शिखरावर होता तेव्हाचे. पोशाख बाईचा चढवला म्हणून मन बदलतंच असं नाही. म्हणून मी चमकीला डोक्यावर घेत नाही आणि पायाखालीही तुडवत नाही. मी एवढंच विचारते: ती लावायची की नाही हे कोण ठरवतं, आणि लावल्याची किंमत कोण मोजतं? त्या मुलाच्या बाबतीत त्याने स्वतः ठरवलं आणि मोल मिळवलं. त्या मुलीच्या बाबतीत पाच पुरुषांच्या समितीने ठरवलं आणि मोल तिच्या आजीने आधीच मोजलेलं होतं.

आपल्या जिल्ह्याला तरी हा प्रश्न परका असू नये. गोदाकाठचं गंगाखेड हे जनाबाईचं गाव. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी ही दासी. तिने डोईचा पदर खांद्यावर घेऊन, हाती टाळ-वीणा धरून भर बाजारातून जाण्याची भाषा केली, सातशे वर्षांपूर्वी. तिने कुठल्या समितीला विचारलं नव्हतं. आज गंगाखेडला तिच्या नावाने हात जोडणारी आपली माणसं त्याच जिल्ह्यातल्या मुलीला बाजार सोडा, कॉलेजच्या सभागृहातही उभं राहू देत नाहीत.

मी महाविद्यालयाला पत्र लिहिलं. 'पुढील वर्षी विचार करू' असं उत्तर आलं. आठ मार्चच्या आमच्या मेळाव्यात ती मुलगी नाचली. सहावारी नव्हे, आजीची नऊवारी नेसून, पायात चाळ बांधून. आजी पुढे सतरंजीवर बसली होती आणि हाताने ताल धरत होती. आमच्यातल्या दोघी जुन्या कार्यकर्त्या मधेच उठून बाहेर गेल्या. त्यांच्याशी माझं बोलणं अजून चालू आहे, ते चालूच राहायला हवं. मुलीला मी गुण दिले नाहीत, तिथे स्पर्धा नव्हती. त्या संमेलनातले माझे नऊ गुणही मला परत घेता येणार नाहीत, आणि घ्यायचेही नाहीत, मुलगा चांगलाच नाचला होता.

मैत्रिणींनो, डिसेंबर-जानेवारीत तुमच्यापैकी अनेकींना शाळा-कॉलेजांतून परीक्षक म्हणून बोलावणं येतं. हार-नारळ घेण्याआधी एक काम करा. आयोजकांकडे कार्यक्रमांची यादी मागा, आणि तिच्याबरोबर खोडलेल्या नावांचीही. ती दाखवली नाही तर खुर्चीवर बसू नका. मी बसले होते.